आचार्यमुष्टी आणि उघडा अर्थ
(सूफी व बौद्ध परंपरांतील गूढवचनांच्या वाचनाविषयी)

धम्मपदाच्या वर्गात पकिण्णकवग्ग शिकविताना एक प्रसंग जवळजवळ दरवर्षी येतो. आईबापांना आणि दोन क्षत्रिय राजांना मारून, अनुचरासह राष्ट्राचा नाश करून ब्राह्मण निर्दुःख होतो, अशा आशयाची गाथा समोर येते आणि वर्ग स्तब्ध होतो. एका वर्षी एका उपासिकेने सरळ विचारले, “गुरुजी, अहिंसा शिकविणाऱ्या तथागतांच्या तोंडी हे वचन कसे?” मी उत्तर देण्यापूर्वीच मागच्या रांगेतील एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “ताई, ही गूढ वाणी आहे. तिचा अर्थ सिद्ध पुरुषांनाच कळायचा. सूफींचेही असेच असते. सगळ्या संतांचे सार अखेर एकच.”

उपासिकेचा प्रश्न रास्त होता. गृहस्थांचे उत्तर मात्र मला अस्वस्थ करून गेले. त्यांचा हेतू उदार होता, यात शंका नाही. परंतु त्या उत्तरात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. पहिली, सर्व गूढवचने एकाच अनुभवाची भाषा बोलतात. दुसरी, त्यांची किल्ली काही निवडक लोकांच्याच हाती असते. प्रस्तुत लेखात या दोन्ही गृहीतांची परीक्षा करावयाची आहे.

१. सारखेपणाचा मोह

सूफी पंथ आणि बौद्ध धम्म यांची तुलना नवी नाही. तिला इतिहासाचा आधारही आहे. आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख नगरात नवविहार हा विख्यात बौद्ध विहार होता. सातव्या शतकात युआन च्वांगने तो पाहिला होता. याच विहाराच्या प्रमुखांच्या कुळातून पुढे बगदादच्या खलिफांचे बरमकी वजीर निघाले. आठव्या शतकातील सूफी इब्राहीम बिन अदहम हाही बल्खचाच. राजवैभव त्यागून फकिरी पत्करणारा राजपुत्र अशी त्याची कथा आहे, आणि तिचे सिद्धार्थाच्या अभिनिष्क्रमणाशी असलेले साम्य गोल्डत्सिहर यांच्यासारख्या पंडितांनी फार पूर्वीच दाखविले आहे.

परंतु कथांचे साम्य निराळे आणि सिद्धांतांचे साम्य निराळे. रेनॉल्ड निकल्सन यांनी 1914 साली प्रसिद्ध केलेल्या सूफी साधकांवरील ग्रंथात ‘फना’ आणि ‘निब्बान’ यांची तुलना केली. दोहोंत व्यक्तित्वाचा लोप आहे. मात्र निब्बान केवळ अभावरूप आहे, तर फनाच्या पाठोपाठ ‘बका’, म्हणजे ईश्वरातील नित्य स्थिती येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. निकल्सन हे फारसी-अरबी साहित्याचे थोर अभ्यासक होते. तरीही निब्बानाविषयीचा हा निष्कर्ष शब्दाच्या व्युत्पत्तीला चिकटून काढलेला आहे. ‘विझणे’ या क्रियेवरून शब्द आला, म्हणून वस्तूही शून्यवत, असे त्यांनी मानले.

पाली वाङ्मयाची साक्ष वेगळी आहे. संयुत्तनिकायात जम्बुखादक परिव्राजक सारिपुत्तांना निब्बान म्हणजे काय, असे विचारतो. राग, द्वेष आणि मोह यांचा क्षय, असे सारिपुत्त उत्तर देतात. या उत्तरात कसलेही गूढ नाही. मज्झिमनिकायातील अग्गिवच्छगोत्त सुत्तात तथागत विझलेल्या अग्नीचा दृष्टांत देतात. अग्नी कोणत्या दिशेला गेला, हा प्रश्नच लागू पडत नाही, एवढे सांगण्यापुरता तो आहे. दृष्टांत कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल दिला आहे, हे न पाहता त्याचा शब्दशः अर्थ घेतला की निब्बान म्हणजे शून्य ठरते. याच्या उलट, उदानातील अजात, अकृत असे शब्द असलेला उद्गार वेगळा काढून त्यात परमेश्वराची सूचना पाहणारेही आहेत. एक पक्ष वाच्यार्थात अडकला, दुसरा प्रतीकार्थात वाहून गेला.

फनाचेही तसेच आहे. जुनैद बगदादी (मृत्यू 910) यांच्यासारख्या संयत सूफींच्या मते फना म्हणजे साधकाच्या स्वतःच्या गुणांचा ईश्वरासमोर होणारा लोप. एकमेव ईश्वर ही कल्पना काढून घेतली तर या शब्दाला अर्थच उरत नाही. अनत्ताचा सिद्धांत काढून घेतला तर निब्बानाला अर्थ उरत नाही. तेव्हा ‘अनुभव एक, शब्द वेगळे’ असे म्हणणारा दोन्ही परंपरांचा गौरव करीत नाही. सूफीचा ईश्वर आणि बौद्धाचे अनात्म हे दोन्ही तो गौण ठरवून बाजूला सारतो.

२. जाहिर आणि बातिन

मग तुलना करूच नये काय? करावी, परंतु अनुभवांची करण्याऐवजी वाचनाच्या नियमांची करावी. गूढवचन कसे वाचावे, याविषयी दोन्ही परंपरांनी गंभीर विचार केला आहे आणि तो तपासता येण्याजोगा आहे.

इस्लामी परंपरेत हा वाद कुराणातील तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या आयतीपाशी सुरू होतो. काही आयती निश्चितार्थ आहेत आणि काही संदिग्धार्थ, असे ती आयत सांगते. संदिग्ध वचनांचा खरा अर्थ कोण जाणतो? वाक्यातील विराम एका ठिकाणी घेतला तर तो फक्त अल्लाह जाणतो. थोडा पुढे घेतला तर ज्ञानात दृढ झालेले लोकही जाणतात. एका विरामावर शतकानुशतके वाद चालला. ‘जाहिर’ म्हणजे बाह्य अर्थ आणि ‘बातिन’ म्हणजे आंतरिक अर्थ, ही जोडी या वादाच्या केंद्रस्थानी राहिली.

या बाबतीत सर्वांत समतोल भूमिका अल् गझाली (मृत्यू 1111) यांची वाटते. ‘मिश्कात अल् अन्वार’ या ग्रंथात त्यांनी मूसाला पादत्राणे काढण्याची जी आज्ञा झाली तिचे विवेचन केले आहे. पादत्राणे म्हणजे इहलोक आणि परलोक यांची आसक्ती, असा आंतरिक अर्थ ते मान्य करतात. पण मूसाने खरीखुरी पादत्राणेही काढली, हे सोडीत नाहीत. जो केवळ बाह्यार्थ धरतो तो उथळ आणि जो बाह्यार्थ मोडून केवळ आंतरिक अर्थ धरतो तो बातिनी. दोन्ही जोडणारा तो पूर्ण, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रतीकाच्या नावाखाली आचाराचे बंधन झटकून टाकणाऱ्यांना गझालींनी दिलेला हा इशारा आजही मोलाचा आहे.

मात्र हा समतोल प्रत्येकाला लाभला नाही. मन्सूर अल् हल्लाज याला 922 साली बगदादमध्ये देहदंड झाला. ‘अनल् हक’ या उद्गारामुळे तो मारला गेला, असे लोकस्मृती सांगते. त्याच्या खटल्यामागे दरबारी राजकारणही होते. परंतु त्याच्याविरुद्ध वापरलेला एक प्रमुख मुद्दा हजयात्रेचा होता. ज्याला मक्केला जाणे शक्य नाही त्याने घरातच पवित्र जागा राखून विधी करावेत आणि अनाथांना जेवू घालावे, अशा आशयाचे त्याचे प्रतिपादन होते. यात्रेचा अर्थ प्रतीकरूपाने घेणे हा त्या व्यवस्थेत प्राणघातक अपराध ठरू शकत होता. म्हणून सूफींनी अर्थ झाकला, तो केवळ अहंकाराने नव्हे. सत्ता आणि धर्मशास्त्री यांच्या दडपणाखाली प्रतीक हे आश्रयस्थान होते. ही गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे.

पुढे प्रतीकांचे कोशच तयार झाले. महमूद शबिस्तरी यांच्या चौदाव्या शतकारंभीच्या ‘गुल्शने राज’ या फारसी काव्यात डोळा, ओठ, केस, तीळ, मद्य, जानवे आणि मूर्ती यांचे आध्यात्मिक अर्थ क्रमाने उलगडले आहेत. बौद्ध वाचकाला यातील मूर्तीचे प्रकरण विशेष लक्षवेधी वाटेल. मूर्तीसाठी फारसीत ‘बुत’ हा शब्द आहे. तो ‘बुद्ध’ या नामापासून आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि बौद्ध धम्माच्या ऱ्हासाविषयी लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही याकडे लक्ष वेधले आहे. मूर्तिपूजा ज्याने शिकविली नाही त्याचे नाव मूर्तीला पडले. पुढे ती मूर्ती निषेधाचा विषय झाली आणि अखेरीस कवितेत प्रियतमाचे व एकत्वाचे प्रतीक झाली. या साऱ्या प्रवासात शाक्यकुळातील तो माणूस, त्याचा विचार, त्याचा संघ कोठेही उरला नाही. प्रतीक सुंदर झाले आणि ज्याच्यावरून ते घेतले तो विस्मृत झाला.

३. नेय्यत्थ आणि नीतत्थ

आता पाली परंपरेकडे वळू. अंगुत्तरनिकायाच्या दुकनिपातात एक लहानसे पण फार महत्त्वाचे सुत्त आहे. दोन प्रकारचे लोक तथागतांवर मिथ्या आरोप करतात, असे ते सांगते. ज्या सुत्ताचा अर्थ उलगडून घ्यावयाचा आहे त्याला सरळार्थ म्हणणारे, हा एक प्रकार. आणि ज्याचा अर्थ सरळच आहे त्याला उलगडावयाचे सुत्त म्हणणारे, हा दुसरा. पहिल्या प्रकारचे सुत्त नेय्यत्थ, दुसऱ्या प्रकारचे नीतत्थ. ‘व्यक्ती’ म्हणून केलेले निर्देश नेय्यत्थ आणि अनिच्च, दुक्ख, अनत्ता यांचे प्रतिपादन नीतत्थ, असे उदाहरण अट्ठकथेने दिले आहे. शब्दाला चिकटणे आणि शब्द सोडून भरकटणे, हे दोन्ही दोष येथे सारखेच गंभीर मानले आहेत. इथवर गझाली आणि अंगुत्तरनिकाय यांच्यात फारसे अंतर नाही.

अंतर पडते ते पुढच्या प्रश्नावर : उलगडा कोणी करावयाचा आणि कोणासमोर?

मज्झिमनिकायातील वम्मिक सुत्त पाहावे. सावत्थीजवळच्या अंधवनात कुमारकस्सपाला एक कोडे सांगितले जाते. रात्री धुमसणारे आणि दिवसा पेटणारे वारूळ. ते शस्त्राने खणावयाचे. आत अडसर, बेडूक, दुफाटा, चाळणी, कासव, खाटकाचा सुरा, मांसाचा तुकडा आणि सर्वांत शेवटी नाग. एखाद्या गुह्य पंथात हे कोडे पिढ्यान्‌पिढ्या गुरूच्या कानगोष्टीचा विषय झाले असते. येथे मात्र कुमारकस्सप ते तथागतांपुढे ठेवतो आणि तथागत एकेका पदाचा अर्थ सांगून टाकतात. वारूळ म्हणजे चार महाभूतांचे हे शरीर, शस्त्र म्हणजे प्रज्ञा, खणणे म्हणजे वीर्यारंभ, अडसर म्हणजे अविद्या, चाळणी म्हणजे पाच नीवरणे, कासव म्हणजे पाच उपादानस्कंध, नाग म्हणजे क्षीणास्रव भिक्खू. कोडे आणि उत्तर एकाच सुत्तात आले आहेत. ते सुत्त पाठ करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती किल्लीही आपोआप येते.

धम्मपदाच्या त्या गाथेचेही तसेच. अट्ठकथा सांगते : आई म्हणजे तृष्णा, कारण ती जन्म देते. बाप म्हणजे ‘मी आहे’ हा अहंमान. दोन राजे म्हणजे शाश्वतदृष्टी आणि उच्छेददृष्टी. राष्ट्र म्हणजे बारा आयतने आणि अनुचर म्हणजे त्यांना चिकटलेला नंदीराग. अर्थनिर्णयाची पद्धत शिकविणारा नेत्तिप्पकरणासारखा ग्रंथही याच परंपरेने सांभाळला. पद्धत शिकविता येते, याचाच अर्थ ती कोणाची खाजगी मिरास नाही.

या सर्वांच्या मुळाशी महापरिनिब्बान सुत्तातील एक निवेदन आहे. आपण धम्म शिकविताना आतला आणि बाहेरचा असा भेद केला नाही, आचार्याची मूठ झाकून ठेवली नाही, असे तथागत आनंदांना सांगतात. पालीतील शब्द ‘अनन्तर’ आणि ‘अबाहिर’ असे आहेत. बातिन आणि जाहिर या जोडीशेजारी हे दोन शब्द ठेवून पाहावेत. सूफी तरीकतीत मुरीदाने पीराच्या हाती, प्रेत धुणाऱ्याच्या हाती जसे प्रेत, तसे असावे, हा प्रसिद्ध आदर्श आहे. उलट मज्झिमनिकायातील वीमंसक सुत्त भिक्खूला खुद्द तथागतांचीच परीक्षा करावयास सांगते. मुरीदाची निष्ठा खोटी, असे मला म्हणावयाचे नाही. परंतु या दोन परंपरांत साधक कोठे उभा आहे, याचे उत्तर निरनिराळे आहे.

४. आपल्याच घरातील झाकलेली मूठ

येथे थांबून स्वतःची पाठ थोपटून घेणे सोपे आहे. पण बौद्ध परंपरेतही पुढे मूठ झाकली गेली, हे लपविण्यात अर्थ नाही. वज्रयानाने ‘संधाभाषा’ या नावाने गुह्य भाषाच घडविली. हरप्रसाद शास्त्री यांना 1907 साली नेपाळात सापडलेली आणि त्यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेली चर्यागीते ही या भाषेची ख्यातनाम उदाहरणे होत. या गीतांत डोंबी, शबरी, चांडाली वारंवार भेटतात. कण्हपाच्या एका गीतात डोंबीची झोपडी नगराबाहेर आहे आणि ब्राह्मण तिला ओझरता स्पर्श करून जातो. टीकेच्या मार्गाने जाणारे अभ्यासक सांगतात की डोंबी म्हणजे नैरात्म्य. नगर म्हणजे इंद्रियांचा प्रदेश. चांडाली तर योगातील आंतरिक उष्णतेची पारिभाषिक संज्ञाच होऊन बसली.

या प्रतीकांत बंड आहे, हे मी नाकारीत नाही. ब्राह्मणी शुद्धतेने ज्या स्त्रीला गावाबाहेर टाकले तिलाच सर्वोच्च ज्ञानाचे नाव देणे, हे त्या काळी धाडस होते. तथापि आपण ज्या समाजातून आलो त्या समाजाचा वाचक एक साधा प्रश्न विचारील. डोंबी म्हणजे नैरात्म्य, हे ठीक. पण नगराबाहेर झोपडी असलेली ती बाई कोण होती? तिची झोपडी नगराबाहेर का होती? टीकेचे लक्ष या प्रश्नाकडे नाही. प्रतीकार्थ सापडताच वाच्यार्थ फेकून दिला जातो, आणि त्या वाच्यार्थाबरोबर एका समूहाचे दुःखही फेकले जाते.

याच जातीचा प्रसंग सूफी वाङ्मयातही आहे. इब्न अरबी (मृत्यू 1240) यांनी ‘तर्जुमान अल् अश्वाक’ या प्रेमकवितांच्या प्रस्तावनेत मक्केत भेटलेल्या निजाम नावाच्या विदुषी तरुणीचा गौरवपूर्ण उल्लेख केला. हलबच्या एका धर्मशास्त्र्याने या कवितांच्या आध्यात्मिकतेविषयी शंका घेतल्यावर त्यांनी स्वतःच भाष्य लिहून प्रत्येक पदाचा ईश्वरपर अर्थ सांगितला. भाष्य सखोल आहे. पण त्यात निजाम हळूहळू अदृश्य होते.

याउलट थेरगाथेतील सुनीत पाहावा. तो स्वतःच सांगतो की आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो, दरिद्री होतो, निर्माल्य झाडण्याचे काम करीत होतो आणि लोक आपला तिरस्कार करीत. तथागतांनी त्याला संघात घेतले. या ठिकाणी झाडू म्हणजे प्रज्ञा आणि कचरा म्हणजे क्लेश, असा अर्थ कोणी लावू लागला तर तो नीतत्थाला नेय्यत्थ करणारा ठरेल, अंगुत्तरनिकायाच्या शब्दांत तथागतांवर मिथ्या आरोप करणारा ठरेल. सुनीत कोणाचे प्रतीक नाही. तो माणूस आहे आणि तो स्वतःच्या तोंडाने बोलतो आहे.

५. आपले वाचन

हाच निकष आपल्या वाचनालाही लावला पाहिजे. आपल्याकडे मार, देवता, चमत्कार यांचे उल्लेख आले की काही वाचक ते सारे अंधश्रद्धा म्हणून गाळून टाकतात. हे अनावश्यक आहे. सुत्तनिपातातील पधानसुत्तात माराच्या सेनांची नावेच दिली आहेत : काम, अरती, क्षुधा-तृषा, तृष्णा, आळस, भय, विचिकित्सा इत्यादी. अट्ठकथांनी पाच मार सांगितले. क्लेश, स्कंध, अभिसंस्कार आणि मृत्यू हे त्यांतील चार. पाचवा देवपुत्र मारही त्यांनी ठेवला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सुत्तांत मार ओळखला जाताच खिन्न होऊन नाहीसा होतो, यातच त्याच्या वाचनाची दिशा स्पष्ट आहे.

चार निमित्तांच्या कथेविषयी बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (1957) या ग्रंथाच्या प्रारंभीच शंका उपस्थित केली : एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर वृद्ध, रोगी, मृत पाहिलाच नव्हता, हे कसे पटावे? यावर परंपरा मोडल्याचा आक्षेप त्यांच्यावर घेण्यात आला. परंतु निकायांत काय आहे? दीघनिकायाच्या महापदान सुत्तात ही कथा विपस्सी बुद्धाची म्हणून येते. गोतमांच्या बाबतीत अंगुत्तरनिकाय आणि अरियपरियेसन सुत्त जरा, व्याधी, मरण यांचे चिंतन सांगतात. रथ, सारथी आणि रस्त्यावरचे दृश्य सांगत नाहीत. शस्त्रधारणातून आलेले भय आणि उथळ पाण्यातील माशांसारखी तडफडणारी प्रजा पाहून झालेला उद्वेग अत्तदण्ड सुत्तात आहे, आणि त्याकडे धर्मानंद कोसंबी यांनीही लक्ष वेधले होते. कथेला शब्दशः इतिहास मानणे हाच येथे नेय्यत्थाला नीतत्थ करण्याचा दोष होय.

पुनर्जन्माच्या प्रश्नावर मात्र अधिक सावध राहिले पाहिजे. निकायांतील पुनर्जन्माची सर्व वचने केवळ प्रतीके आहेत, असे आपल्यातील काहीजण म्हणतात. पाली वाचणाऱ्याला हे म्हणता येत नाही. त्यांतील पुष्कळ वचने सरळ विधाने म्हणूनच आलेली आहेत. बाबासाहेबांनीही हा सोपा मार्ग स्वीकारला नाही. आत्मा नसताना पुनर्जन्म कोणाचा, हा प्रश्न त्यांनी उघड विचारला. महाभूतांच्या आणि ऊर्जेच्या भाषेत उत्तर मांडले. आणि मौखिक परंपरेत तथागतांच्या वचनांचे विपरीत निवेदन झाले असावे, याला अलगद्दूपम इत्यादी सुत्तांचा दाखला दिला. त्यांच्याशी कोणी सहमत होवो वा न होवो, त्यांनी आपला निकष वाचकासमोर ठेवला. जे बुद्धिसंगत आणि मानवाच्या कल्याणाशी निगडित ते बुद्धवचन, हा निकष कोणालाही तपासता येतो. बाबासाहेबांनी गुप्त अर्थाचा दावा केला नाही. चार महापदेसांत तथागतांनी जे सांगितले, की कोणाचेही वचन ऐकून न स्वीकारता, न धिक्कारता सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे, त्याच वृत्तीचा हा विस्तार आहे.

ज्या समाजाला शतकानुशतके मंत्र ऐकण्याचीही बंदी होती त्या समाजासाठी हा प्रश्न केवळ पंडिती नाही. ‘याचा अर्थ तुला कळणार नाही’ हे वाक्य आपल्या पूर्वजांनी फार ऐकले आहे. ते वाक्य उद्या चीवर पांघरून आले, ध्यानशिबिरातून आले किंवा सर्वधर्मसमभावाच्या गोड भाषेत आले तरी ते ओळखता आले पाहिजे. सूफींच्या प्रतीकांचा आदर करावा, गझालींचा समतोल शिकावा, हल्लाजच्या मरणापुढे नतमस्तक व्हावे. परंतु धम्मवचनाचा अर्थ कोणाच्याही मुठीत ठेवू नये.

त्या दिवशी वर्गात मी उपासिकेच्या हाती धम्मपदट्ठकथेचे भाषांतर दिले आणि संबंधित परिच्छेद मोठ्याने वाचावयास सांगितले. आई म्हणजे तृष्णा, येथपर्यंत येताच तिने मान वर करून विचारले, “मग हे गाथेतच का सांगितले नाही?” हा प्रश्नही चांगला होता. पुढचा तास त्यावरच गेला, आणि मागच्या रांगेतील ते गृहस्थही त्या चर्चेत सामील झाले.